दोन्ही बाजूंची मापं

मास्तरांनी आयुष्यात एकदाही स्नूकरचा बॉल मारला नव्हता, हे मला त्यांच्याकडे शिकायला लागून पाच आठवडे झाल्यावर कळलं. मला ती फसवणूक वाटली. मी खाली त्यांच्या दुकानात जाऊन तसं बोलून दाखवलं. ते एका शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, मी शिंपी माणूस. गिऱ्हाइकाचा कोट मी सोता घालून बघतो व्हय?"

मी परत वर खेळायला गेलो.

सांगलीत त्यांचं दुकान एका दुमजली इमारतीत जिन्याखाली होतं आणि वर क्लब होता. क्लब म्हणजे दोन टेबलं, सात खुर्च्या आणि एक पंखा. पंख्याचा वारा फक्त पहिल्या टेबलाला लागायचा. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या टेबलाचं हिरवं कापड फाटलं. ते बदलणारा माणूस पुण्याहून यायचा होता आणि दर आठवड्याला पुढच्या आठवड्याचा वायदा करत होता. शेवटी क्लबच्या सेक्रेटरींनी खालच्या मास्तरांना वर बोलावलं. मास्तरांनी चपला काढून टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या, कापडावरून पंजा फिरवला आणि म्हणाले, "ह्याला पोट न्हाई, कुबड न्हाई, खांदा पडल्याला न्हाई. ह्याच्यापरीस सोपं गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात मिळालं न्हाई."

चार दिवस ते कापड ताणत होते आणि ताणता ताणता शेजारच्या टेबलावर खेळणाऱ्यांकडे बघत होते. पाचव्या दिवशी त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं, "कापड झालं. पण तुमच्या लोकान्ला उभं ऱ्हाता येत न्हाई, त्याचं काय करायचं?"

तेव्हापासून ते क्लबात लोकांना उभं राहायला शिकवायचे. रोज सहा ते सात. गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल, खिशात कापडावर खुणा करायचा चपटा खडू.

आता ते लोणंदला मुलीकडे असतात. दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात.

शिंपी म्हणून त्यांचा एक हट्ट अख्ख्या पेठेला माहीत होता. ते माणसाच्या दोन्ही बाजूंची मापं घ्यायचे. दोन्ही हात, दोन्ही खांदे, दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या. पोटरीचं माप हल्ली कुठला शिंपी घेत नाही. पण मिरजेतले त्यांचे उस्ताद घोड्यावर बसणाऱ्यांच्या तंग विजारी शिवायचे, आणि पोटरी सोडली तर माप अर्धवट राहिलं, असं त्यांनी पोराच्या डोक्यात घालून दिलं होतं. सगळे आकडे एका लांबट वहीत जायचे. डाव्या बाजूचे डाव्या पानावर, उजव्या बाजूचे उजव्या पानावर. गिऱ्हाईक कंटाळायचं. लग्नाच्या गडबडीतले लोक तर दुसरा शिंपी बघायचे.

एकदा एका फौजदारांना त्यांनी सांगितलं, "साहेब, तुमचा डावा हात पाऊण इंच आखूड हाय."

फौजदार तापले. "भरतीला माझी उंची मोजलीय, छाती मोजलीय. तिथं कुणाला काही सापडलं नाही."

"त्यांनी एकच हात बघितला आसंल," मास्तर म्हणाले आणि वहीत पुढचा आकडा लिहिला.

मला हा माणूस पहिल्यापासून आवडला, याचं कारण माझ्या नोकरीत आहे. मी चौदा वर्षं कोयनानगरला होतो. धरणाच्या पोटात वरपासून खालपर्यंत एक तार लोंबत असते. ती किती सरकली हे मिलिमीटरच्या दशांशात लिहायचं, हे माझं काम. जमीन हलली की जास्तीच्या नोंदी. हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी सुई तशीच हवेत धरली.

"धरण बी हलतंय?"

"हलतं. पाणी भरलं की थोडं पुढं येतं, उतरलं की मागं जातं."

"आणि लोकं माझ्यावर हसत्यात," ते म्हणाले. "धरण दोन्ही टायमाला सारखं ऱ्हाईना, मग माणसाचं काय घिऊन बसलाय?"

सांगलीला बदली झाली तेव्हा माझ्या दोन पँटी त्यांनीच शिवल्या होत्या. क्लबात मात्र मी गेल्या वर्षी जायला लागलो. कोयनानगरच्या वसाहतीत एक जुनं टेबल होतं. तिथं चौदा वर्षं मी आपला आपण खेळलो होतो, म्हणजे चौदा वर्षं वाकडा खेळलो होतो. बावन्नाव्या वर्षी ते सरळ करायचं मनात आलं. दुसरं कारण नव्हतं. मुलगी बेंगळुरूला नोकरीला, घरी आम्ही दोघंच. संध्याकाळचा एक तास माझा होता.

पहिले आठ दिवस मास्तरांनी मला बॉलला हात लावू दिला नाही. टेबलापासून तीन पावलं मागे उभं करायचे. जिथं बॉल मारायचा तिथपासून जमिनीवर खडूची रेघ मागे आणायचे. मी त्या रेघेवरून चालत यायचं. शेवटच्या पावलाला उजवा पाय रेघेवर, डावा पाय पुढं आणि बाजूला, खांद्याएवढं अंतर ठेवून. उजवा गुडघा ताठ, डावा जरा सैल. मग कमरेतून खाली. हनुवटी काठीला लागली पाहिजे. क्यूला ते काठीच म्हणायचे.

"आधी उभं ऱ्हाऊन मग सरकू नका. चालत यायचं ते नीट जाग्यावरच यायचं. एकदा कापल्यालं कापड मागं सरकवून जोडता येतंय का?"

कोपरातून खालचा हात सरळ लोंबतोय का, हे बघायला ते माझ्या कोपराला दोरा बांधायचे आणि दोऱ्याला कोटाचं बटण. बटण अंगठ्याच्या रेषेत आलं की "हं". न आलं की नुसते माझ्या पाठीकडे बघत राहायचे.

एका इंजिनियरिंगच्या पोरानं एकदा आपला मोबाईल पुढं केला. "मास्तर, बघा ना, व्हिडिओ काढलाय. स्लो मोशनमध्ये."

"समोरनं काढलाय?"

"हो."

"मग ठिव खिशात. समोरनं माणूस चांगलाच दिसतो गड्या. खोट मागनं असती."

आणि खरंच, ते नेहमी मागे उभे राहायचे. बॉल कुठं गेला हे त्यांनी कधी बघितलं नाही. पॉकेटमध्ये पडला म्हणून कुणी ओरडलं तर त्यांना राग यायचा. "पडला आसंल. तुझा खांदा बी पडला. त्यो कुणी बघायचा?"

माझा हात सरळ येतोय का, हे तपासायची एक रीत आहे. टेबलाच्या मधोमध एका ओळीत चार रंगीत बॉलच्या खुणा असतात. पांढरा बॉल त्या चारही खुणांवरून सरळ पलीकडच्या कडेवर मारायचा. हात सरळ असेल तर बॉल त्याच वाटेनं परत येऊन क्यूच्या टोकाला लागतो. नसेल तर डावी-उजवीकडे जातो. मी रोज वीस वेळा मारायचो आणि टोकापासून एका बॉलच्या आत किती आले, ते लिहायचो. सुरुवातीला विसात सहा. महिन्याभरात अकरा. दोन महिन्यांनी चौदा. मी चौदाच्या भोवती गोल काढला होता.

त्यानंतर आकडे उतरायला लागले. तेरा. बारा. पुन्हा तेरा. मग दहा. बॉल परत येताना उजवीकडेच जायचा. चुका दोन्ही बाजूंना विखुरल्या असत्या तर मी सरावाची कमतरता म्हणालो असतो. या सगळ्या एकाच बाजूच्या होत्या. चूक एकाच बाजूला पडते तेव्हा उपकरणात दोष असतो, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात.

मी उपकरण म्हणजे क्यू असं धरलं. क्यू बदलला. नऊ. मग बूट बदलले. दहा. मग मास्तरांना न विचारता उजवा पाय रेघेवरून अर्धा इंच आत घेतला. दोन दिवस बारा आले आणि परत आठ. घरी हॉलमधल्या फरशीवर मी पेन्सिलीनं पावलं काढून ठेवली आणि सकाळी दहा मिनिटं तिथं वाकून उभा राहायला लागलो.

"ह्या पावलांवरून फडकं मारायचं का नाही?" बायको विचारायची. "आणि तुमची उजवी चप्पल का घासते हो? जिन्यावरून येता ते मला स्वयंपाकघरात कळतं. एक पाऊल टप, एक पाऊल सर्र."

"पट्टा सैल झालाय."

मी पट्टा घट्ट करून आणला. चप्पल घासायची थांबली नाही. कंबर भरून यायची, ती टेबलावर वाकून वाकून, असं मी ठरवलं होतं.

पण मला काय वाटत होतं ते मी इथं लिहितो, कारण नाहीतर बाकीच्याला अर्थ नाही. आमचं मूळ गाव माण तालुक्यात. माझ्या थोरल्या चुलत्यांना पन्नाशीत असंच झालं होतं. आधी एक पाय घासायला लागला. सगळे म्हणाले, मेंढरांमागं चालून चालून झिजला. मग दुसरा पाय. मग हातातून भाकरीचा तुकडा पडायला लागला. मग गिळता येईना. सगळं मिळून सव्वादोन वर्षं. शेवटी साताऱ्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि त्याला औषध नाही, हेही सांगितलं. त्या वेळी मी वीस वर्षांचा होतो आणि त्यांना पाणी पाजायचं काम माझ्याकडे होतं. चमच्यानं.

म्हणून मी पायाकडे बघत नव्हतो. मी आकड्यांकडे बघत होतो.

मास्तर आधी स्वतःला दोष द्यायचे. "माझं काय तरी चुकतंय," म्हणायचे. खडूची रेघ पुसून परत मारायचे. माझी टाच हातानं धरून जमिनीला टेकवायचे. मी खाली वाकलो की थोड्या वेळानं टाच आपोआप हलायची, कंबर उजवीकडे बसायची आणि मागून खांदा. बटण अंगठ्याच्या रेषेत येईना. मास्तर माझ्या पाठीकडे बघायचे. एक दिवस त्यांची नजर पाठीवरून खाली उतरली आणि खालीच राहिली.

"साहेब, दुकानात चला. माप घ्यायचंय."

"मला काही शिवायचं नाही, मास्तर."

"मला शिवायचंय. चला."

दुकानात त्यांनी पडदा ओढला, मला पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली आणि डावी पोटरी मोजली. मग उजवी. मग परत डावी, परत उजवी. तीन वेळा. कपाटातून लांबट वही काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि चार वर्षांपूर्वीचं माझं पान काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. डावी पोटरी साडेचौदा. उजवी पोटरी साडेचौदा.

"आज डावी साडेचौदा," ते म्हणाले. "उजवी सव्वातेरा."

मी म्हणालो, टेप ताणला असेल. कापडी टेप ताणतो. मी माझ्या पिशवीतला स्टीलचा टेप काढला आणि स्वतः मोजलं. तोही वाकत होता, नीट बसत नव्हता. मी म्हणालो, पाव इंचाची चूक गृहीत धरली पाहिजे, शिवाय टेप कुठं धरला, वर की खाली, यावर बरंच अवलंबून आहे.

मास्तरांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "व्हय. पण साहेब, चूक आसंल तर ती दोन्ही पायाला सारखीच पडंल की."

माझ्या नोकरीत हे वाक्य मी नव्या पोरांना कित्येकदा सांगितलं आहे. मी स्टूलवर बसलो. चुलत्यांची गोष्ट मी आजवर बायकोलाही पूर्ण सांगितली नव्हती. ती मी त्या पडद्याआड, पँट वर केलेल्या अवस्थेत, मास्तरांना सांगितली. चमच्यासकट.

त्यांनी टेप गळ्यात न घालता मुठीत गुंडाळून धरला. "आजपास्नं तुमाला शिकवणार न्हाई," ते म्हणाले. "ही उभं ऱ्हायची चूक न्हाई. हे माझ्या हातातलं न्हाई. डॉक्टरकडं जावा."

"जातो. पण घरी कुणी काही सांगायचं नाही. मला आधी खात्री करून घेऊ दे. कबूल करा."

त्यांनी वही मिटून कपाटात ठेवली. "तोंडानं बोलणार न्हाई," म्हणाले.

मी गेलो नाही. अकरा दिवस गेलो नाही. पहिल्या दिवशी वेळ मिळाला नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेरगावी असतील असं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून कारणं शोधायचंही सोडलं. जोवर गेलो नव्हतो तोवर ते नव्हतं. ऑफिसात टेबलाखाली मी दर तासाला उजव्या हाताची चारही बोटं अंगठ्याला लावून बघायचो. पेन धरताना मुंग्या आल्यासारखं वाटलं की बोटं परत लावून बघायचो. चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरायला लागलो. घास गिळताना थांबून बघायचो, नीट गेला का. बायको ताटावरून माझ्याकडे बघायची. "काय, मीठ कमी आहे का?"

"नाही, ठीक आहे."

संध्याकाळी क्लबच्या जिन्याशी मास्तर उभे असायचे.

"गेला व्हता?"

"अपॉइंटमेंट मिळाली नाही."

"आज?"

"आज ऑफिसात तपासणी होती."

सहाव्या दिवशी वर गेलो तर सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, मास्तरांनी सांगितलंय तुम्हाला क्यू द्यायचा नाही म्हणून. काय भानगड आहे?" सगळे बघत होते. मी तसाच खाली उतरलो आणि दुकानाच्या दारात उभा राहून, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं म्हणालो, "तुम्ही शिंपी आहात, मास्तर. डॉक्टर नाही. कपडे शिवा."

ते मशीनवर होते. त्यांचा पाय थांबला. "खरं हाय," एवढंच म्हणाले, आणि परत मशीन सुरू केली. नंतरचे पाच दिवस मी त्या रस्त्यानं गेलो नाही.

रविवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर बायको कॉटजवळ उभी. कॉटवर कागदाचं पुडकं उघडलेलं.

"मास्तर येऊन गेले. हे ठेवून गेले. चहा पण घेतला नाही."

"काय म्हणाले?"

"काही नाही. वैनी, घडी मोडून बघा, म्हणाले, आणि गेले."

पांढऱ्या सुती कापडाची विजार होती. तंग, चुडीदारासारखी. मी सांगितली नव्हती. बायकोनं ती कॉटवर पसरली, मग एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला आणि शिवण शिवणीशी जुळवली. ती घरी ब्लाउज शिवते, तिच्या हाताला सवय आहे. वरून गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय एक. गुडघ्याखाली डाव्याचं कापड उजव्याच्या बाहेर दिसत होतं. बोटभर.

"एक पाय बारीक झालाय," ती म्हणाली. तिनं परत जुळवून बघितलं. "मास्तर आणि असं? त्यांची नजर गेली का हो? वय झालं बिचाऱ्यांचं."

इतकं सोपं होतं. हो म्हणायचं होतं. वय झालंय, दिसत नाही, परवाच कुणाची तरी बाही चुकवली. एका वाक्यात काम झालं असतं, आणि पन्नास वर्षं एकही माप न चुकलेल्या माणसाचं नाव आमच्या घरात कायमचं बुडालं असतं. त्यांनी ते नाव माझ्यासमोर ठेवलं होतं आणि चहा न घेता निघून गेले होते.

"नाही," मी म्हणालो. "माप बरोबर आहे."

तिला लगेच कळलं नाही. मग कळलं. ती खाली बसली आणि माझ्या दोन्ही पोटऱ्या दोन्ही पंजांत धरल्या. बराच वेळ धरून बसली. उजवीकडची तिची बोटं एकमेकांच्या जास्त जवळ आली होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"चप्पल घासते तेव्हापासून असेल."

"आणि मी पट्ट्याला शिव्या देत बसले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. पाठीचा फोटो काढला. पायात सुया टोचून नसांची तपासणी केली, आणि मग हातात. हातात का, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. सुई टोचली की पडद्यावर रेघ नाचायची आणि ती टोचणारी मुलगी बटणं दाबायची. मी तिच्या चेहऱ्यावरून आकडा वाचायचा प्रयत्न करत होतो. रिपोर्ट चार दिवसांनी मिळणार होता. चुलत्यांची गोष्ट बायकोला आता पूर्ण कळली होती; ते चार दिवस मी पाणी प्यायलो की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची.

रिपोर्टच्या दिवशी सकाळी मास्तर एस.टी. स्टँडवर आमच्या आधी हजर होते. मी त्यांना कळवलं नव्हतं. बायकोनं कळवलं असणार. स्वतः शिवलेला करड्या रंगाचा कोट घातला होता आणि त्या उकाड्यात सगळी बटणं लावली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"बस सुटंल," ते म्हणाले.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला आणि पेनानं दाखवलं. कमरेच्या मणक्यात एक नस दबली होती. बऱ्याच महिन्यांपासून. दुखलं कमी म्हणून कळलं नाही. ऑपरेशन करावं लागेल, लवकर. मी म्हणालो, माझ्या चुलत्यांना असं असं होतं. डॉक्टर म्हणाले, "तो आजार नाही. तुमचे हात उत्तम आहेत." मी परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं. मी म्हणालो, लिहून द्याल का? त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि कागदावर लिहून दिलं. पाय किती टक्के भरून येईल, तेही मी विचारलं. "टक्के विचारू नका," ते म्हणाले. "उशीर झाला आहे, पण फार झालेला नाही."

पुढं ऑपरेशन झालं. पोटरी पाऊण इंच भरून आली, उरलेला अर्धा इंच आला नाही. जिना उतरताना मी अजून कठडा धरतो.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलो तर बाकावर मास्तर नव्हते. पॅसेजमध्ये नव्हते, औषधांच्या रांगेत नव्हते. बायको म्हणाली, चहाला गेले असतील. चहाच्या टपरीवरही नव्हते. शेवटी दिसले ते आवारात, रिक्षा थांबतात तिथल्या चिंचेखाली. झाडाकडे तोंड करून उभे होते. चष्मा काढून हातात धरला होता. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले.

"साहेब, तुमीच न्हवं?"

"मीच. चष्मा का काढलाय?"

"तुमी दारातनं चालत आला असता," ते म्हणाले. "तुमची चाल बघून मला कळलं असतं. आधी कळायला नगं वाटलं."

"कमरेत नस दबलीय, मास्तर. ऑपरेशन आहे."

"आणि हात?"

"हात चांगले आहेत. लिहून दिलंय."

त्यांनी मी पुढं केलेला कागद बघितला नाही. चष्मा कोटाच्या बाहीला पुसला. तो एकदा पुसून झाला, दोनदा पुसून झाला. मग डोळ्यांवर चढवला आणि माझ्या खांद्याला धरून मला रस्त्याच्या बाजूला वळवलं.

"त्या गेटापातूर जाऊन या बघू."

मी निघालो. मागं बायकोला इतक्या दिवसांचं एकदम भरून आलं. ती फाइल छातीशी धरून माझ्या मागं मागं यायला लागली. आणि मास्तर मोठ्यानं म्हणत होते, "वैनी, जरा बाजूला व्हा. मला त्यांचा पाय दिसंना."